साखळीचे वंगण

यंत्राचे आयुष्य त्याच्या दिसणाऱ्या भागांपेक्षा न दिसणाऱ्या सांध्यांवर अधिक अवलंबून असते. बैलगाडीचे चाक कितीही भक्कम लाकडाचे असो, आसाला वंगण नसेल तर ते करकरू लागते आणि थोड्याच दिवसांत झिजते. विहिरीवरचा रहाट, दाराची बिजागरी, शिंप्याचे शिलाईयंत्र या सर्वांना हाच नियम लागू आहे. सायकलही या नियमाला अपवाद नाही. तिची चाके, हँडल आणि घंटी यांकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु ज्या साखळीमुळे पायांचे बळ मागच्या चाकापर्यंत पोहोचते, तिच्याकडे मात्र ती तुटेपर्यंत किंवा उतरेपर्यंत कोणी पाहत नाही.

मुंबईच्या उपनगरांत सायकल हे केवळ मुलांच्या करमणुकीचे साधन नाही. पहाटे वृत्तपत्रे घरोघरी जातात ती पुष्कळदा सायकलवरून. बेकरीतील पाव मोठ्या टोपलीतून गल्लोगल्ली जातो तोही सायकलवरूनच. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची मानली जाते. २०२० मध्ये आलेल्या साथीनंतर त्यांची संख्या घटली असली, तरी हे काम थांबलेले नाही. अंधेरी व बोरिवली ही पश्चिम रेल्वेवरील स्थानके, तर घाटकोपर व मुलुंड ही मध्य रेल्वेवरील. अशा स्थानकांपर्यंत घरोघरचे डबे आणावयाचे, ते वेगवेगळे लावावयाचे आणि ठरलेली गाडी पकडावयाची, हा त्यांचा क्रम. घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी ही दोन्ही टोके सायकलच सांधते. लोकलगाडी कोणासाठी थांबत नाही. वाटेत साखळी तुटली, तर एका माणसाचा खोळंबा होतो एवढेच नव्हे; अनेकांचे दुपारचे जेवण उशिरा पोहोचते. जिच्यावर इतके अवलंबून आहे, ती साखळी कशी बनलेली असते, ती का झिजते आणि तिला कोणते वंगण द्यावे, हे जाणून घेणे म्हणूनच उपयुक्त आहे.

आरंभीच्या सायकलींना साखळी नव्हती. पेडल पुढच्या चाकालाच जोडलेले असे. पेडलच्या एका फेऱ्यात अधिक अंतर कापता यावे म्हणून पुढचे चाक मोठे मोठे होत गेले, आणि त्या उंच सायकलीवरून पडणे म्हणजे हातपाय मोडून घेणेच झाले. १८८० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड याने फिरत्या रोलरची साखळी तयार केली. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याने मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. साखळीमुळे दोन्ही चाके जवळपास सारखी ठेवता आली आणि बसणाऱ्याचे पाय जमिनीजवळ आले. आपल्याकडे मुंबईत वरळी येथे १९३९ मध्ये ‘हिंद सायकल्स’ हा कारखाना निघाला; १९८० मध्ये त्याचे राष्ट्रीयीकरण झाले. सायकलींची रूपे पुढे अनेक झाली, पण रोलरच्या साखळीची मूळ रचना आजही तीच आहे.

ही रचना पाहण्यासारखी आहे. साखळीची एक आतली कडी आणि एक बाहेरची कडी अशा कड्या आळीपाळीने जोडलेल्या असतात. आतल्या कडीच्या दोन पट्ट्यांमध्ये दोन बारीक पोकळ नळ्या बसवलेल्या असतात. प्रत्येक नळीवर एक गोल रोलर सैलसा फिरत राहतो, आणि नळीच्या पोकळीतून एक पोलादी पिन आरपार जाते. या पिनेची टोके बाहेरच्या कडीच्या पट्ट्यांत घट्ट बसवलेली असतात. काही नव्या साखळ्यांत नळी वेगळी नसून आतल्या पट्टीचाच काठ वळवून केलेली असते. साखळी वाकते तेव्हा पट्ट्या वाकत नाहीत; पिन नळीच्या आत किंचित फिरते. साखळीचे सारे काम या अंधाऱ्या फटीत चालते. बाहेरून पाहणाऱ्याला ती फट दिसत नाही.

तेथे किती काम चालते याचा हिशोब मांडून पाहावा. एखाद्या साध्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चकतीला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आणि साखळीला ११२ कड्या आहेत असे समजा. पेडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे घेते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. एक किलोमीटर जाण्यास पेडलचे सुमारे १८५ फेरे लागतात. तेवढ्या वेळात संपूर्ण साखळी ७३ वेळा फिरून येते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा पुढच्या चकतीवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो; मागच्या चकतीवर पुन्हा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. म्हणजे एका किलोमीटरमध्ये एकेक सांधा सुमारे २९० वेळा हलतो आणि सर्व सांध्यांची मिळून बत्तीस हजारांहून अधिक हालचाल होते. शाळेत जाऊनयेऊन रोज पाच किलोमीटर सायकल चालवणाऱ्या मुलाच्या साखळीतील प्रत्येक पिन दिवसाला सुमारे १,४५० वेळा घासली जाते.

लोकांच्या बोलण्यात एक शब्दप्रयोग नेहमी येतो: ‘साखळी ताणली गेली.’ तो खरा नाही. पोलादी पट्ट्या पायांच्या जोराने ताणल्या जात नाहीत. प्रत्येक पिन आणि तिच्या भोवतालची नळी थोडी थोडी झिजते, फट रुंदावते, आणि प्रत्येक सांध्यातील ती किंचित ढिलाई एकत्र येऊन साखळी लांब झालेली दिसते. एका सांध्यात डोक्याच्या एका केसाच्या जाडीएवढी झीज झाली, तरी ११२ कड्यांच्या साखळीची लांबी सुमारे सात मिलिमीटरांनी वाढते. अशी साखळी चकतीच्या दात्यांवर नीट बसत नाही. ती दाते खाऊ लागते. मग चढावर किंवा उड्डाणपुलावर पेडलवर उभे राहून जोर दिला असता ती एकाएकी दात्यावरून घसरते आणि पाय रिकामा खाली जातो. मागून मोटारी येत असताना असे होणे किती धोक्याचे आहे, हे सांगावयास नको.

साखळी झिजली की नाही, हे शाळेच्या दप्तरातील फूटपट्टीनेही कळते. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. म्हणून नव्या साखळीच्या २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते. साखळी ताठ ओढून फूटपट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावे आणि तेथून चोविसावी पिन पाहावी. तिचा मध्य १२ इंचांच्या रेघेवर असेल तर साखळी उत्तम. तो सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेला असेल, तर साखळी बदलण्याची वेळ झाली. तीन मिलिमीटर पुढे गेला असेल, तर बहुधा दातेरी चकत्याही खराब झालेल्या असतात आणि खर्च कितीतरी वाढतो. वेळीच केलेली ही तपासणी दुकानदाराच्या सांगण्यावरही अवलंबून नाही. ती कोणीही करू शकतो.

ही झीज थांबवता येत नाही, पण पुष्कळ लांबवता येते. ते काम वंगणाचे. पिन आणि नळी यांच्यामध्ये वंगणाचा पातळ थर राहिला, म्हणजे धातू धातूला सरळ घासत नाही. येथेच पुष्कळांची चूक होते. साखळी करकरली की तिच्यावर भरपूर तेल ओतले जाते. तेल पट्ट्यांच्या बाहेर ओघळते, साखळी चकाकते आणि आवाज थांबतो; मनुष्याला वाटते, काम झाले. परंतु पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला वंगणाची गरजच नसते, कारण तेथे काही घासत नाही. गरज आहे ती आतल्या फटीत. बाहेरचे तेल उपयोगी पडत नाहीच, उलट अपाय करते. त्यावर धूळ बसते, धूळ आणि तेल यांचा काळा चिखल होतो आणि त्यातील बारीक वाळूचे कण हळूहळू आत शिरतात. मग जे वंगण म्हणून घातले, तेच पॉलिशच्या कागदाप्रमाणे पिन घासू लागते. तेव्हा वंगणाचा पहिला नियम असा: ते फटीत असावे, बाहेर नसावे.

उपनगरांतील हवामानात हा नियम पाळणे सोपे नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रस्त्यांवर आणि बांधकामांभोवती धूळ उडत असते. मुंबई समुद्रकाठी वसलेली, आणि मुलुंड-भांडुपच्या बाजूला खाडी व मिठागरे. त्यामुळे हवेत दमटपणा व खारटपणा असतो आणि लोखंड लवकर गंजते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तेथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे साखळीला वर्षातून आठ महिने धुळीशी आणि चार महिने पाण्याशी झगडावे लागते. दोन्ही शत्रूंना एकच वंगण सारखे पुरे पडत नाही. म्हणून निवड करावी लागते.

प्रथम कोणती वंगणे टाळावी ते पाहू. मोटारीतून काढलेले जुने काळे ऑईल स्वस्त पडते, पण त्यात काजळी आणि धातूचे बारीक कण असतात. शेंगदाण्याचे किंवा करडईचे खाद्यतेल काही दिवसांनी हवेने चिकट होते आणि साखळीवर राळेसारखे बसते. ग्रीस इतके घट्ट असते की ते बाहेरच राहते. चाकाच्या बेअरिंगला ते योग्य, पण साखळीच्या फटीत ते शिरत नाही. शिलाईयंत्राचे पातळ तेल फटीत चटकन शिरते, पण तेवढेच लवकर निघून जाते. साखळीसाठी मिळणारे मध्यम घट्ट तेल या सर्वांहून बरे. ते आत जाते, टिकते आणि गंजापासून रक्षणही करते. मात्र ते द्रव असल्यामुळे धुळीला धरून ठेवण्याचा दोष त्यालाही सुटत नाही.

मेणाचा गुण येथेच दिसून येतो. मेण तापवले की पाण्यासारखे पातळ होऊन बारीकात बारीक फटीत शिरते. समईची वात तेल वर ओढून घेते, तशीच ती फट पातळ मेणाला आत ओढते. याला केशाकर्षण म्हणतात. निवल्यावर तेच मेण घट्ट होऊन आत बसून राहते. वंगण आत आणि बाहेरून साखळी कोरडी, ही जी स्थिती हवी ती मेणाने सहज साधते. कोरड्या पृष्ठावर धूळ बसली तरी चिकटत नाही. फडक्याने पुसली की जाते. साखळीला हात लागला तर तो काळा होत नाही आणि शाळेच्या गणवेशाच्या पायावर तेलाचा डागही पडत नाही.

मेणाचेही प्रकार आहेत. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते किंचित चिकट असल्यामुळे नुसते वापरले तर धूळ धरते. पॅराफिन मेण खनिज तेलापासून मिळते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल राइशेनबाख याने १८३० मध्ये लाकडाच्या डांबरातून पॅराफिन वेगळे केले होते. पुढे ते खनिज तेलापासून मोठ्या प्रमाणावर निघू लागले. मेणबत्त्या करणाऱ्यांना लागणारे पांढरे, कडक, बिनवासाचे पॅराफिन साखळीसाठी उत्तम. ते साधारणपणे ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळते, म्हणून मुंबईच्या उन्हाळ्यातही साखळीत घट्ट राहते. रंगीत व सुगंधी मेणबत्त्या मात्र घेऊ नयेत. त्यांतील रंग आणि अत्तर यांचा साखळीला काही उपयोग नाही. काही मुले मेणबत्ती साखळीवर घासतात. तोही श्रम व्यर्थ होय. थंड मेण बाहेर लागते, फटीत जात नाही. आणि फटीत न गेलेले वंगण असून नसल्यासारखेच.

मग प्रत्येक सायकलीला मेणच द्यावे काय? तसे नाही. निवड करताना तीन गोष्टी विचारात घ्याव्या. पहिली गोष्ट साखळीच्या झाकणाची. दूधवाल्यांच्या आणि डबेवाल्यांच्या भक्कम सायकलींपैकी काहींना साखळी पूर्ण झाकणारे पत्र्याचे आवरण असते. तेथे धूळ मुळातच कमी जाते आणि साखळी काढणेही कटकटीचे असते. अशा सायकलीला तेल पुरेसे. साखळी उघडी असेल तर मेणाचा फायदा अधिक. दुसरी गोष्ट ऋतूची. कोरड्या आठ महिन्यांत मेण श्रेष्ठ. पावसाळ्यात मात्र पाणी फटीत शिरून मेणाचा थर लवकर निघतो आणि गंज चढतो, म्हणून तेव्हा तेल बरे. तिसरी गोष्ट सवडीची. मेणाचे काम करण्यास एक दुपार लागते आणि घरातील मोठ्या माणसाची सोबत लागते. ती सवड नसेल, तर नीट घातलेले तेल हे वाईट घातलेल्या मेणापेक्षा केव्हाही चांगले.

मेण देण्याची रीत अशी आहे. साखळीला एक जोडकडी असते; तिला कारागीर ‘चेनलॉक’ म्हणतात. तिच्यावरची छोटी पोलादी पट्टी पकडीने सरकवली की साखळी सुटते. अशी कडी नसेल तर साखळी काढून घेण्याचे काम सायकल दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावे. नंतर साखळी पूर्ण धुवावी. नव्या साखळीलाही कारखान्यातील चिकट वंगण लावलेले असते. तेही काढले पाहिजे, कारण तेल उरले तर ते मेणात मिसळून त्याला मऊ करते आणि मेणाचा सारा गुण जातो. रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाईन रुंद तोंडाच्या बाटलीत घेऊन त्यात साखळी टाकावी, झाकण घट्ट लावून हलवावे, आणि द्रव काळा झाला की बदलावा. तो स्वच्छ राहू लागला की साखळी स्वच्छ झाली असे समजावे. हे काम उघड्या हवेत करावे. जवळ दिवा, शेगडी किंवा पेटती उदबत्तीही असू नये. धुतलेली साखळी फडक्याने पुसून पूर्ण कोरडी होईपर्यंत वाळत ठेवावी.

पुढचा भाग मोठ्या माणसानेच करावा. मुलांनी जवळ उभे राहून पाहावे. मेणाचे भांडे कधीही सरळ जाळावर ठेवू नये. एका मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवावे आणि त्यात, जुन्या डब्यात घेतलेले सुमारे अर्धा किलो मेण ठेवावे. या काळजीमागे शास्त्र आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते आणि उघड्या भांड्यात त्याहून अधिक तापत नाही. म्हणून त्यातील मेणही १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. उलट सरळ जाळावर मेण तापतच राहते, आणि सुमारे २०० अंशांच्या पुढे गेल्यावर त्याची वाफ पेट घेऊ शकते. पातेल्यातील पाणी आटू देऊ नये. मेणात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये. दुर्दैवाने मेण पेटलेच, तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये. पाणी मेणाखाली जाऊन एकदम वाफ होते आणि जळते मेण चोहीकडे उडते. अशा वेळी शेगडी बंद करून डब्यावर झाकण टाकावे, म्हणजे हवा न मिळून आग विझते. हा डबा पुन्हा स्वयंपाकात वापरू नये.

मेण पूर्ण पातळ झाले की जाड तारेला अडकवलेली साखळी त्यात सोडावी. लगेच बारीक बुडबुडे वर येऊ लागतात. सांध्यांतील हवा बाहेर पडत असते आणि तिच्या जागी मेण शिरत असते. साखळी मेणाइतकी गरम होईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे, ती अधूनमधून हलवत राहावी. बुडबुडे थांबले, म्हणजे काम झाले. मग शेगडी बंद करून मेणाच्या पृष्ठावर दुधासारखी पातळ साय धरू लागेपर्यंत थांबावे आणि तेव्हा साखळी उचलून टांगून ठेवावी. फार गरम असताना ती बाहेर काढली तर पुष्कळसे मेण आतून ओघळून जाते. निवलेली साखळी काठीसारखी ताठ होते. पाहणाऱ्याला वाटते, ही बिघडली. तसे काही नसते. एकेक सांधा हाताने वाकवला की वरचे मेण पापुद्र्यासारखे गळून पडते आणि साखळी मोकळी होते. ती सायकलीवर चढवताना जोडकडीच्या पट्टीचे उघडे तोंड साखळीच्या गतीच्या उलट दिशेस, म्हणजे मागे राहील, हे पाहावे. नाहीतर पट्टी वाटेत निसटण्याचा संभव असतो. डब्यात उरलेले मेण झाकून ठेवावे. ते पुढे अनेक वेळा उपयोगी पडते.

हल्ली बाटलीतून मिळणारे द्रवरूप मेणही असते. त्यात मेणाचे सूक्ष्म कण पाण्यात किंवा लवकर उडून जाणाऱ्या द्रवात मिसळलेले असतात, त्यामुळे शेगडीची गरज पडत नाही. मात्र साखळी आधी तितकीच स्वच्छ असावी लागते. पेडल सावकाश उलटे फिरवत, खालच्या साखळीच्या आतल्या बाजूने, एकेका रोलरवर एकेक थेंब सोडावा. काही मिनिटे पेडल फिरवून ते आत मुरू द्यावे, बाहेरचे पुसून टाकावे आणि सायकल रात्रभर उभी ठेवावी. द्रव उडून गेला की मेण मागे राहते. ओली असतानाच सायकल चालवली तर हे मेण आत बसण्याआधीच फेकले जाते. तेल घालतानाही हीच रीत पाळावी: प्रत्येक सांध्यावर एक थेंब, थोडा वेळ फिरवणे आणि शेवटी कोरड्या फडक्याने बाहेरून पुसणे. या शेवटच्या पुसण्याला पुष्कळ लोक कंटाळतात, परंतु साखळीचे अर्धे आयुष्य त्यातच असते.

गरम मेण एकदा दिले की कोरड्या हवेत ते साधारणपणे दोनशे ते तीनशे किलोमीटर पुरते. रोज पाच किलोमीटर जाणाऱ्याला ते दीड-दोन महिने पुरेल. साखळी पुन्हा कुरकुरू लागली की मेण संपले असे जाणावे. पावसात भिजलेली सायकल तशीच जिन्याखाली उभी करू नये. साखळी फडक्याने पुसून वाऱ्याला वाळू द्यावी आणि लगेच वंगण द्यावे. एका रात्रीतही तिच्यावर तांबूस गंज दिसू लागतो. जूनच्या आरंभी मेणाऐवजी तेल द्यावयाचे असेल, तर मोठ्या माणसाने साखळीवर उकळते पाणी ओतावे. मेण वितळून निघून जाते. मग साखळी नीट वाळवून प्रत्येक सांध्याला तेलाचा थेंब द्यावा. ऑक्टोबरात पाऊस सरला की पुन्हा टर्पेंटाईनने धुऊन मेण द्यावे. ऋतू बदलला की माणसे जसे कपडे बदलतात, तसा साखळीचा हा वेश बदलणे होय.

धुण्याचे काळे टर्पेंटाईन गटारात ओतू नये. उपनगरांतील गटारे शेवटी नद्यांना व खाड्यांना मिळतात. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात तुळशी तलावाजवळ उगम पावणारी दहिसर नदी बोरिवलीतून वाहत जाते; तिच्या पाण्याला आधीच पुष्कळ घाण सोसावी लागते. वापरलेला द्रव बाटलीत दोन दिवस स्थिर ठेवला की गाळ तळाशी बसतो आणि वरचा स्वच्छ भाग पुढच्या वेळी वापरता येतो. त्यामुळे पैसाही वाचतो आणि पाणीही वाचते. उकळत्या पाण्याने काढलेले मेण निवले की पाण्यावर पापुद्र्यासारखे तरंगते. तेही गाळून कचऱ्यात टाकावे.

नवी आणि स्वच्छ साखळी पायांनी लावलेल्या बळातील फारच थोडा भाग स्वतः खाते. शंभर भागांपैकी दोन-चारच. बाकी सारे बळ ती चाकापर्यंत पोहोचवते. माणसाने केलेल्या यंत्रांत इतके प्रामाणिक साधन क्वचितच सापडते. तिच्या बाहेरच्या चकाकीवर फसून जो तेल ओतत राहतो, त्याची साखळी चकाकत चकाकत झिजते. आणि जो सांध्यात काय चालले आहे याचा विचार करतो, त्याची साखळी कोरडी, साधी दिसूनही वर्षानुवर्षे चालते. ज्याचे पोट सायकलीवर आहे, त्याला हा फरक महिन्याच्या हिशोबात दिसतो. ज्याची शाळा सायकलीवर अवलंबून आहे, त्याला तो रोजच्या वाटेवर दिसेल. त्याच्यापाशी फूटपट्टी आणि एक जुने फडके असले, तर आरंभाला तेवढे पुरे आहे.